निवृत्त चिंपांझींचे घर बांधायचे म्हणजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमधून निवृत्त झालेल्या चिंपांझींच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि बहुतेकदा 'त्यांना अभयारण्यात सोडण्यात आले' या वाक्याने संपतात. या वाक्यातले दोन शब्द वाचकाची दिशाभूल करतात. अभयारण्य म्हटले की आपल्याला राधानगरी किंवा टिपेश्वर आठवते. तिथे जंगल आधीपासून उभे असते, माणसाने हद्द आखून शिकार बंद केलेली असते. आणि 'सोडले' म्हटले की काम संपले असा समज होतो. या चिंपांझींना कुठेही सोडत नाहीत. त्यांच्यासाठी भिंती, दारे, गटारे, कुलुपे, स्वयंपाकघर, दवाखाना असे सगळे बांधावे लागते आणि पुढे तीस-चाळीस वर्षे चालवावे लागते, कारण बंदिवासातला चिंपांझी पन्नाशीपर्यंतही जगू शकतो. आपल्या भाषेत याला सर्वांत जवळची संस्था पांजरपोळ आहे. कामातून गेलेले जनावर मरेपर्यंत सांभाळायचे, त्याच्याकडून परत काही घ्यायचे नाही, हाच तिथलाही करार.

आफ्रिकेच्या जंगलात का नेत नाहीत, असा प्रश्न वाचक हमखास विचारतात. यातले बरेचसे प्राणी अमेरिकेतच जन्मले आहेत. कोणते फळ खायचे, कोणते टाळायचे हे चिंपांझी आईच्या अंगावर बसून कित्येक वर्षे शिकतो. ते शिक्षण यांना मिळालेले नाही. माणसाची भीती नाही, म्हणजे पहिल्याच गावात शिरतील. जंगलातले नर आपल्या हद्दीत आलेल्या परक्या नराला मारून टाकतात. शिवाय अनेकांच्या शरीरात प्रयोगासाठी टोचलेले हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही आहे. ते रोग रानातल्या कळपांपर्यंत नेण्याचा धोका कोणी पत्करू नये.

इतके प्राणी साठले कसे, हेही थोडक्यात सांगायला हवे. एड्सच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये चिंपांझींच्या पैदाशीचा कार्यक्रम सुरू केला. विषाणू टोचलेल्या बहुतेक चिंपांझींना एड्स झालाच नाही, त्यामुळे ते त्या संशोधनाला निरुपयोगी ठरले. १९९५ मध्ये पैदास थांबवावी लागली. जास्तीचे प्राणी मारू नयेत, असा सल्ला राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९७ च्या अहवालाने दिला आणि डिसेंबर २००० मध्ये त्यांच्या सांभाळाचा कायदा झाला. चालू खर्चाचा तीन चतुर्थांश भाग सरकारचा आणि एक चतुर्थांश सांभाळ करणाऱ्या संस्थेने उभा करायचा, अशी विभागणी ठरली. लुइझियानात श्रीव्हपोर्टजवळच्या कीथव्हिल इथल्या 'चिंप हेवन' या संस्थेची २००२ मध्ये निवड झाली. कॅडो पॅरिशने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, दोनशे एकर जमीन दिली आणि २००५ मध्ये पहिले चिंपांझी तिथे आले. मूळ कायद्यात निवृत्त प्राण्याला गरजेनुसार पुन्हा प्रयोगाला बोलावण्याची पळवाट होती. ती २००७ च्या दुरुस्तीने बुजवली गेली. आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये पन्नास सोडून बाकी सगळे प्राणी निवृत्त करायचे ठरवले आणि २०१५ मध्ये ते पन्नासही मोकळे केले.

आता घराकडे वळू. अमेरिकेच्या प्राणिकल्याण नियमांनुसार पूर्ण वाढलेल्या चिंपांझीला किमान २५.१ चौरस फूट जागा आणि सात फूट उंची पुरे मानली जाते. म्हणजे पाच फूट बाय पाच फूट, आपल्याकडच्या एखाद्या न्हाणीघराएवढी खोली. २०१३ मध्ये आरोग्य संस्थेनेच नेमलेल्या गटाने वेगळी शिफारस केली: प्रत्येकी १००० चौरस फूट, किमान सात जणांचा कळप, चढायला वीस फूट उंची, बारमाही बाहेर जाण्याची सोय आणि रोज घरटे बांधायला नवे साहित्य. पुढे संस्थेने जागेचा आकडा २५० चौरस फुटांवर आणला. आमच्या मते हजाराचा आकडा योग्य होता, पण चौरस फुटांइतकीच उंचीही महत्त्वाची आहे. चिंपांझी घाबरला की वर जातो, झोपायलाही वर जातो. वीस फूट उंच आणि तीन मजली फळ्या असलेली खोली त्याला दुप्पट क्षेत्रफळाच्या बुटक्या खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

खोल्यांची आखणी करताना आराखड्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा: मार खाणारा पळणार कुठून? ज्या खोलीला एकच दार आहे ती सापळा आहे. दांडगा नर दारात बसला की आतल्याची बोटे, कान, पायाचे तळवे आणि वृषणे फाटतात. चिंपांझींच्या भांडणात जखमा नेमक्या तिथेच होतात. म्हणून प्रत्येक खोलीला किमान दोन दारे आणि सगळ्या खोल्या एकमेकींना जोडून फेरी पूर्ण होईल अशी रचना हवी. हाच नियम चढण्याच्या मांडवालाही लागू आहे. प्रत्येक फळीवरून उतरायला दोन वाटा ठेवाव्यात. जुन्या इमारतीत हे करायचे तर भिंती फोडाव्या लागतात. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथली कोल्स्टन फाउंडेशनची प्रयोगशाळा २००२ मध्ये कॅरोल नून यांच्या 'सेव्ह द चिंप्स' या फ्लोरिडातल्या संस्थेने ताब्यात घेतली तेव्हा तिथे २६६ चिंपांझी होते. त्यांना थेट फ्लोरिडाला हलवले नाही. आधी आहार सुधारला, पिंजरे जोडून मोठे केले, तिथल्या तिथे कळप जुळवले आणि मग एकेक कळप फोर्ट पियर्सच्या बेटांवर नेला. शेवटचा प्राणी २०११ च्या डिसेंबरमध्ये पोहोचला. नऊ वर्षे लागली, आणि ती वाया गेली नाहीत.

दारे आडवी सरकणारी असावीत. वरून खाली पडणारे दार स्वस्त पडते, पण दोर तुटला तर ते प्राण्याच्या पाठीवर किंवा हातावर कोसळते. दार ओढणाऱ्या माणसाला दाराच्या दोन्ही बाजू दिसल्याच पाहिजेत. दिसत नसतील तर आरसा बसवावा. कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून दार चालवू नये. दार कुठेही अर्ध्यात थांबवता आले पाहिजे, कारण नेमक्या त्या वेळी कोणीतरी बोटे मध्ये घालतो. प्रत्येक दाराला एक कडी आणि दोन कुलुपे, आणि बंद केल्याची खात्री दुसऱ्या माणसाने हात लावून करायची. चिंपांझी निसटल्याच्या घटना तपासल्या तर तुटलेल्या जाळीपेक्षा विसरलेले कुलूप जास्त वेळा सापडते.

जाळी दोन इंची चौकोनाची, सुमारे पाच मिलिमीटर जाड तारेची आणि चौकटीला सलग वेल्ड केलेली हवी. जिथे माणूस जवळून औषध देतो तिथे एक इंची. नटबोल्ट लावायचेच असतील तर नट माणसाच्या बाजूला ठेवून वेल्डचा टाका मारावा. चिंपांझी बोटांनी नट फिरवून काढतो, आणि घाईत नसतो. आठवडाभर रोज थोडा फिरवील. जाळीपासून चार फुटांवर जमिनीवर लाल पट्टा रंगवावा आणि नव्या माणसाने तो ओलांडू नये. पूर्ण वाढलेल्या चिंपांझीसोबत एकाच खोलीत कोणीही, कधीही जायचे नाही. लहानपणी बाटलीने दूध पाजले असले तरी नाही.

फरशीबद्दल कोणी फारसे लिहीत नाही, पण इमारत बिघडते ती तिथूनच. झोपायला रोज सुके गवत आणि पेंढा लागतो, सकाळी पाण्याने खोली धुतली जाते, आणि गवत गटारात जाऊन सगळे तुंबते. म्हणून पन्नास फुटांना एक फूट असा उतार द्यावा, पन्हळ जाळीच्या बाहेर काढावी आणि तिच्या तोंडाशी उचलून रिकामी करता येईल अशी टोपली बसवावी. आत गटाराचे झाकण ठेवले तर ते उपटून हत्यार म्हणून वापरतात. काँक्रीट उघडे ठेवले तर लघवी मुरते आणि दोन वर्षांत वास जात नाही; त्यावर इपॉक्सीचा थर द्यावा, पण तो गुळगुळीत नको, ओल्या पायाने घसरून म्हाताऱ्या जनावराचे हाड मोडते. लुइझियानातही हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, त्यामुळे खोल्या तापवाव्या लागतात. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा जनरेटर पहिल्या दिवसापासून हवा.

बाहेरच्या आवाराला भिंत की खंदक, हा निर्णय जमिनीकडे पाहून घ्यावा. भिंत घेतली तर पंधरा-सोळा फूट, आतून सपाट, सांधे बुजवलेली. काटकोनापेक्षा अरुंद कोपरा कुठेही नको, कारण दोन भिंतींना हातपाय टेकवून ते वर सरकतात. भिंतीजवळची झाडे छाटलेली हवीत. बेलफास्टच्या प्राणिसंग्रहालयात फेब्रुवारी २०१९ मध्ये वादळाने मोडलेली फांदी भिंतीला टेकवून चिंपांझी वर चढले होते. वादळानंतर आवार तपासल्याखेरीज त्यांना बाहेर सोडू नये, हा धडा त्यातूनच मिळतो. आत ठेवलेले ओंडके, दोर, बांबू, काहीही भिंतीच्या अर्ध्या उंचीपेक्षा लांब नको.

खंदकाचे कारण साधे आहे: चिंपांझीला पोहता येत नाही, त्याचे शरीर पाण्यात बुडते. फोर्ट पियर्सला अशी तीन-तीन एकरांची बारा बेटे आहेत, आणि चिंप हेवनच्या झाडीच्या आवारांनाही पाण्याची हद्द आहे. पण जे पाणी अडवते तेच बुडवते. प्राण्याच्या बाजूचा काठ हळूहळू उतरता ठेवावा, म्हणजे पाय ओले झाल्यावर मागे फिरता येते. उभ्या काठावरून पडलेला वर येत नाही. काठाच्या अलीकडे दोन-तीन विजेच्या तारा हव्यात. पाण्यावर शेवाळ किंवा टिकलीएवढी पाने पसरली की ते हिरवळीसारखे दिसते आणि नवा प्राणी थेट त्यावर पाऊल टाकतो. म्हणून नव्या कळपाला सोडण्याआधी पाणी स्वच्छ केलेच पाहिजे. उन्हाळ्यात पातळी उतरली की खंदक अरुंद होतो, हे रोज मोजपट्टीवर पाहावे. विजेच्या तारेला गवत चिकटले की दाब उतरतो. चिंपांझी तार अधूनमधून काडीने तपासून पाहतात. तार मेली आहे हे माणसाच्या आधी त्यांना कळते.

इतके बांधून दार उघडले की पहिल्या दिवशी कोणीच बाहेर पडत नाही. वीस-तीस वर्षे छताखाली राहिलेल्या प्राण्याला मोकळे आकाश भय घालते आणि गवताचा स्पर्श पायाला नको असतो. तो चौकटीत बसतो, एक हात बाहेर ठेवतो, परत घेतो. कोणी भिंतीला धरून काँक्रीटच्या पट्टीवरच चालत राहतो. अशा वेळी खाऊ दूर ठेवून ओढून काढू नये आणि मागचे दार तर मुळीच बंद करू नये. दारापासून काँक्रीटची वाट आवारात काही अंतर न्यावी आणि पहिला मांडव दाराजवळच उभारावा. कोणाला दोन तास पुरतात, कोणाला वर्ष. म्हातारी मादी चौकटीतूनच बाहेर पाहत राहिली तर तेवढेही तिचेच आहे. दाराची किल्ली तिच्या मर्जीवर असणे, हे या घराचे सर्वांत मोठे देणे आहे.

एकटा ठेवलेला प्राणी कळपात जुळवणे हे बांधकामाइतकेच तांत्रिक काम आहे. आधी समोरासमोरच्या खोल्यांत नुसते दर्शन. मग मध्ये जाळीचे दार, ज्यातून बोट लावता येते पण चावता येत नाही. जाळीला पाठ लावून बसणे, ओठ पुढे करणे, एकमेकांचे केस विंचरण्याचा प्रयत्न, ही होकाराची लक्षणे. केस ताठ करून दार बडवणे म्हणजे अजून थांबा. त्यानंतर दोघांची जोडी, पाळत ठेवून, तासभर. नव्या नराला थेट पाच नरांच्या कळपात घालू नये. आधी कळपातल्या शांत मादीशी गट्टी जमू द्यावी, मग दुसऱ्या क्रमांकाच्या नराशी. एकेक जण वाढवत जावे. थोडी मारामारी होणारच, आणि आरडाओरडा ऐकून लगेच दारे लावली तर समेट व्हायला वेळच मिळत नाही. भांडणानंतर ते मिठी मारतात, जखम चाटतात. ते पाहिल्याशिवाय त्यांना वेगळे करू नये. रक्त धारेने वाहत असेल किंवा तिघेचौघे एकाला दाबून धरत असतील तर मात्र पाण्याचा फवारा मारून तत्काळ वाट मोकळी करावी.

आरोग्यात सर्वांत जास्त मृत्यू हृदयामुळे होतात. बंदिवासातल्या चिंपांझीच्या हृदयाच्या स्नायूत तंतू वाढतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा नर एका सकाळी गवतावर मृत सापडतो. त्यावर पाळत ठेवायला सोनोग्राफी लागते, आणि भूल देणे याच रोगात धोक्याचे. म्हणून छाती जाळीला लावून बसणे, दंड पुढे करणे, तोंड उघडणे, वजनकाट्यावर चढणे हे त्यांना खाऊच्या मोबदल्यात शिकवतात. प्रयोगशाळेत ज्याला भुलीचे बाण मारले गेले, तो सुई पाहिल्यावर किंचाळतो. त्याच्याकडून दंड पुढे करवून घ्यायला महिने लागतात आणि हे काम कितीही पगार देऊन लवकर होत नाही. मधुमेह आणि लठ्ठपणाही आहेच. केळी मोजून द्यावीत. बाजारातले फळ माणसाच्या जिभेसाठी गोड केलेले असते; मुख्य आहार पालेभाज्या, इतर भाज्या, पाला आणि माकडांसाठीची तयार बिस्किटे यांचा ठेवावा. अन्न एका ताटात न देता आवारभर विखरून द्यावे, म्हणजे दांडगा सगळे अडवून बसू शकत नाही. सर्दी झालेल्या माणसाला त्या दिवशी घरी पाठवावे. आपली साधी सर्दी चिंपांझीला न्यूमोनियापर्यंत नेते.

पिल्ले होऊ द्यायची नाहीत, कारण प्रत्येक नवे पिल्लू म्हणजे आणखी कित्येक दशकांचा बंदिवास. नरांची नसबंदी करतात, पण कापलेली नलिका कधी कधी पुन्हा जुळते. चिंप हेवनमध्ये २००७ साली असेच एक पिल्लू जन्मले होते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर वीर्यतपासणी करावी आणि माद्यांनाही गर्भनिरोधक द्यावे. एकावर विसंबू नये.

वेळेबद्दल एक गोष्ट बोचते. सगळे इतके वर्षानुवर्षे लांबते की प्राणी वाट पाहत मरतात. २०१९ मध्ये आरोग्य संस्थेने अलामोगोर्डोतल्याच आपल्या वेगळ्या केंद्रात (कोल्स्टनच्या प्रयोगशाळेत नव्हे) उरलेल्या चव्वेचाळीस चिंपांझींना आजारपणामुळे प्रवास झेपणार नाही असे सांगून तिथेच ठेवायचे ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये मेरीलँडच्या संघराज्य न्यायालयाने तो निर्णय कायद्याला धरून नसल्याचे म्हटले. प्रवासाचा धोका खरा असतो, हे पशुवैद्यक म्हणून आम्ही नाकारत नाही. पण २०१३ ला जागा तयार असत्या, तर त्यातले कित्येक जण तेव्हा प्रवास करू शकले असते. निवृत्तीचा निर्णय आणि खोल्यांचे बांधकाम यांत दहा वर्षांचे अंतर पडले की 'आता फार म्हातारे झाले' हे कारण आपोआप तयार होते.

म्हणूनच हा विषय आम्ही इथल्या वाचकांपुढे मांडत आहोत. आपल्या देशात चिंपांझींवर प्रयोग होत नाहीत, पण लाल तोंडाच्या माकडांवर होतात. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची चाचणी पुण्यात वीस माकडांवर झाली आणि ती माकडे महाराष्ट्रातल्याच रानातून पकडलेली होती. आपल्या नियमांत ही तरतूद आहे की प्रयोगानंतरचा सांभाळ आणि पुनर्वसन ही प्रयोग करणाऱ्याची जबाबदारी असून तो खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा. अमेरिकेने जे पैदास सुरू केल्यानंतर चौदा वर्षांनी केले, ते आपल्याकडे कागदावर आधीपासून आहे. मागणी इतकीच, की अशा प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीबरोबर खोल्यांचा आराखडा, दारांची संख्या, नेमलेले पशुवैद्यक आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या खर्चाची तरतूद जाहीर व्हावी. लाल तोंडाचे माकड बंदिवासात तेवढे सहज जगते. दोन दारांचा नियम, बाहेर काढलेली पन्हळ, एकेक करून कळप जुळवणे, हे सगळे त्यांनाही जसेच्या तसे लागू पडते. जाळी मात्र बारीक घ्यावी लागेल आणि आवार वरूनही बंद करावे लागेल. खंदकाचा विचार सोडून द्यावा. ही माकडे उत्तम पोहतात.

आपले,
बंदिस्त वन्यप्राण्यांच्या देखभालीत काम करणारे काही पशुवैद्यक आणि स्थापत्य अभियंते, पुणे